जुन्या आयपॉडमधले फोटो काढताना

बडोद्याच्या एका प्रेक्षकांचा प्रश्न आहे: मुलाचा जुना आयपॉड कपाटात सापडला, लग्नाचे फोटो त्यातच आहेत, निघतील का?

बहुतेक निघतील. 2001 साली आलेला पहिला आयपॉड म्हणजे खरं तर 5 जीबीची, 1.8 इंची हार्ड डिस्कच. वर गाणी वाजवायची सोय. पुढे क्लासिक 160 जीबीपर्यंत गेला. आयट्यून्समध्ये 'डिस्क म्हणून वापरा' ही खूण केली की संगणकाला तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो. फौजेत संवेदनशील कार्यालयाच्या दारात म्युझिक प्लेअरही काढून घेतात तो याचसाठी. जवान कुरकुरायचे, "साहेब, नुसती गाणी आहेत." पण संत्रीच्या लेखी ती हार्ड डिस्क!

आता फोटो ठेवले कसे, ते बघा. फाइल म्हणून कॉपी केले असतील तर फोल्डरमध्ये सरळ दिसतील. आयट्यून्समधून चढवले असतील तर पडद्यापुरत्या लहान प्रतीच सापडतील. मूळ आकाराचे फोटो हवेत हा पर्याय तेव्हा निवडला असेल, तरच ते मिळतील.

खरा धोका पुढे आहे. आयपॉड मॅकवर तयार केलेला असेल तर विंडोजला तो वाचता येत नाही, आणि विंडोज विचारतं, "फॉरमॅट करू का?" इथे 'नाही' म्हणा आणि कुणाचा तरी मॅक शोधा. विंडोजवर तयार केलेला आयपॉड मात्र दोन्हीकडे वाचता येतो. आयट्यून्समधल्या 'रिस्टोअर'लाही हात लावू नका, त्याने सगळंच पुसलं जातं.

डिस्क दिसतच नसेल, तर चक्रवाल्या आयपॉडवर मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा. सफरचंद दिसताच ती सोडून मधलं आणि प्ले बटण धरा. आयपॉड टचला ही सोय नाही.

फोटो दिसले की आधी सगळे दोन ठिकाणी कॉपी करा, बघत बसणं नंतर. क्लासिक 2014 सालीच बंद झाला, म्हणजे आतली फिरती तबकडी किमान दहा वर्षांची. बाहेर काढताना 'इजेक्ट' करूनच केबल ओढा. आतून टक टक आवाज आला तर पुन्हा पुन्हा जोडून बघू नका. तसाच बंद करून डेटा काढून देणाऱ्या माहीतगाराकडे न्या.