सायकलचा तेलदाबाचा ब्रेक व त्याची निगा

बैलगाडीचें चाक करकरूं लागलें कीं आंसास वंगण घालावें, हें आपणां शेतकऱ्यांच्या हातीं पिढ्यान्‌पिढ्या बसलेलें आहे. हाच न्याय चकतीब्रेकच्या सायकलीस लाविला असतां मात्र जिवावर बेततें. आमच्या चिरंजिवांच्या सायकलीचा पुढील ब्रेक किंचाळूं लागला, म्हणून आम्हीं चकतीवर शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब सोडले. आवाज तत्काळ थांबला. परंतु दुसरे दिवशीं उतारावर दांडी दाबली तों चाक थांबेना, व अखेर बाभळीच्या कुंपणांत शिरून आम्हांस थांबावें लागलें.

ह्या ब्रेकांत तारेऐवजीं बंद नळींत तेल असतें. दांडी दाबली म्हणजे तेलावरील दाब सर्व बाजूंस सारखा पोंचतो, व चाकापाशीं असलेल्या कॅलिपरांतील दट्टे दोन पॅड चकतीवर आवळतात. म्हणजे तेल आंत पाहिजे; बाहेर त्याचा थेंबही नको. आमच्या पॅडांनीं तेल शोषिलें होतें, तेव्हां ते बदलावेच लागले. चकती मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून चालली. नव्या पॅडांवर मोकळ्या सपाट रस्त्यानें मध्यम वेगांतून सुमारें २० वेळां वेग कमी करीत गेलें म्हणजे ते चकतीशीं जुळतात.

चकती एका बाजूस घासत असल्यास प्रथम चाक खांचेंत नीट बसलें आहे कीं नाहीं तें पाहावें. मग कॅलिपरचे दोन बोल्ट एलन पान्यानें किंचित ढिले करून दांडी घट्ट दाबावी. कॅलिपर आपण होऊन मध्यावर येतें. दांडी तशीच धरून दोन्ही बोल्ट आळीपाळीनें थोडेथोडे आवळावे. तरीही घासणें राहिलें तर चकती वांकली असण्याचा संभव आहे.

चाक काढलेलें असतां दांडी दाबूं नये. पॅड एकमेकांस भिडतात व चाक परत बसत नाहीं. मध्यें जाड पुठ्ठा घालून ठेवावा. पॅडाचा थर अर्धा मिलिमीटर उरला कीं पॅड बदलावे. शिमानोची १.८ मिलिमीटरची चकती झिजून १.५ वर आली म्हणजे तिचीही रजा झाली.

दांडी मऊ लागून मुठीपर्यंत येऊं लागली तर नळींत हवा शिरली असें समजावें. ती काढण्याचें काम जाणत्या कारागिराचें. मात्र तेल कोणतें, ह्याची खातरजमा आपण स्वतः करावी. कांहीं ब्रेकांत खनिज तेल असतें, कांहींत मोटारींतील डॉट जातीचें. एकाच्या जागीं दुसरें घातल्यास आंतील रबरी कडीं बिघडून ब्रेक निकामी होतो. ‘तेल तें तेल’ असें म्हणणाऱ्या कारागिराकडून सायकल तशीच परत आणावी.