टाकीतले बुडबुडे माशांना मारतात का?

घरातील मत्स्यटाकीचे पाणी बदलले की काही वेळातच काचेवर, पाणवनस्पतींच्या पानांवर, क्वचित माशांच्या परांवरही मोहरीहून बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. काही जण ते पाहून धास्तावतात, तर काही जण ऑक्सिजन वाढला म्हणून समाधान मानतात. वस्तुतः दिसणारा बुडबुडा सहसा निरुपद्रवी असतो. धोका असतो तो पाण्यात विरघळलेल्या, अद्याप न दिसणाऱ्या जादा वायूचा.

थंड पाण्यात वायू अधिक विरघळतो. १५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात हवेतील सुमारे १० मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना जेमतेम सव्वाआठ. नायट्रोजनचेही तसेच. त्यातून नळाचे पाणी जलवाहिनीत दाबाखाली असते. हिवाळ्यात ते थेट ऊबदार टाकीत ओतले, की न मावणारा वायू बाहेर पडू लागतो; सोडावॉटरची बाटली उघडल्यावर घडते तेच. मात्र कल्ल्यांवाटे हा वायू माशाच्या रक्तातही उतरतो आणि तेथे बुडबुडे धरतो. केशवाहिन्या तुंबतात, परांत पारदर्शक फोड येतात, डोळे फुगतात. खोल समुद्रातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्यांना जडणारी व्याधी याच जातीची. यात नायट्रोजन अधिक घातक, कारण ऑक्सिजनप्रमाणे तो शरीरात खर्च होत नाही.

अमेरिकेतील कोलंबिया व स्नेक या नद्यांवर १९६० आणि १९७०च्या दशकांत याचा मोठा फटका बसला. धरणांच्या सांडव्यावरून कोसळणारे पाणी हवेला खोलवर ओढून नेई, तेथील दाबाने ती विरघळे आणि सामन माशांची पिल्ले मोठ्या संख्येने मरत. पुढे पाण्याचा लोट खोल न जाता आडवा वळावा, अशी रचना सांडव्यांवर करण्यात आली.

घरातील एअर पंपावर मात्र आळ घेऊ नये. त्याचे बुडबुडे पृष्ठभाग ढवळतात आणि जादा वायू उलट बाहेर घालवतात. संशय घ्यायचा तर फिल्टरच्या मोटरचा घ्यावा. पाणी ओढणाऱ्या नळीच्या जोडाला फट असल्यास हवा आत खेचली जाऊन दाबाखाली विरघळते, पाणी दुधाळ दिसू लागते. नवे पाणी रात्रभर बादलीत एअर स्टोन सोडून ठेवावे आणि टाकीच्या तापमानाला आल्यावरच थोडे थोडे घालावे. पाणी बदलताच मासे मेले तर क्लोरिनही तपासावा. अनेकदा खरा गुन्हेगार तोच असतो. आणि परांवरचे फोड पाहून दुकानातून पांढऱ्या ठिपक्यांचे औषध आणण्याची घाई नको. त्या रोगाचे ठिपके मिठाच्या कणांसारखे पांढरे व भरीव असतात, तर वायूचे फोड पोकळ आणि आरपार दिसणारे.