परसातली कोंबडी, घरातली बरकत

ईदला आठ दिवस उरले होते. उन्हाळा ऐन भरात होता. आमच्या परड्यातली काळी तलंग सकाळी खुराड्यातून बाहेरच आली नाही. कोपऱ्यात पंख पाडून बसलेली, डोळे अर्धवट मिटलेले, खाली हिरवट-पांढरी पातळ विष्ठा. संध्याकाळपर्यंत आणखी दोन तशाच झाल्या. तिसऱ्या दिवशी एकीची मान पिळल्यासारखी पाठीवर वळली. ती गोल गोल फिरायची आणि पडायची. ईदपर्यंत चौदा कोंबड्यांपैकी दोन उरल्या.

रोग आला कुठून, हे दादीने ओळखले. ईदसाठी म्हणून आठवडाभर आधी आम्ही बाजारातून एक झोकदार कोंबडा आणला होता. आणला तो सरळ आपल्या कोंबड्यांत सोडला. त्याला जरा सर्दी होती, पण आम्ही लक्ष दिले नाही.

पुढची चूक याहून मोठी होती. कोंबड्या मरायला लागल्यावर घरात एकच घाई झाली, मरून वाया जाण्यापेक्षा जबह करून टाका. चार कापल्या. दोन घरात शिजल्या, दोन गल्लीत वाटल्या. पिसे आणि आतडी उकिरड्यावर गेली. पंधरा दिवसांत अख्ख्या गल्लीतली खुराडी ओस पडली. पलीकडच्या एका विधवा चाचीकडे नऊ कोंबड्या होत्या. अंडी विकून ती मुलाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवायची. तिच्याकडे एकही राहिली नाही. ती आम्हाला काही बोलली नाही, म्हणून ते जास्त लागले. हा लेख त्या चाचीसाठी आहे, आणि तिच्यासारख्या सगळ्या भगिनींसाठी.

कोरड्या मुलखातली बचत

जत तालुका म्हणजे सांगली जिल्ह्याचा कोरडा पूर्व भाग. पाऊस बेभरवशाचा, पलीकडे कर्नाटकाची हद्द. माडग्याळी मेंढी याच मातीतली. दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. सामानाबरोबर डालग्यात झाकलेल्या कोंबड्याही जातात, नाहीतर म्हाताऱ्या माणसांकडे ठेवल्या जातात. म्हैस घ्यायला पैसा लागतो, शेळीला चारा लागतो. कोंबडीला मूठभर दाणे आणि फिरायला परडे पुरते. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. आकडा लहान दिसतो, पण तो पैसा बाईच्या हातात येतो. औषध आणायचे असो की पाहुणा आलेला असो, त्यासाठी कुणाकडे मागावे लागत नाही.

बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा पाळली तर अंडी जवळपास दुप्पट मिळतात. मात्र या जाती सहसा खुडूक होत नाहीत. पिल्ले काढायची असतील तर एक-दोन गावरान कोंबड्या ठेवाव्याच लागतात.

मानमोडी : औषध नाही, लस आहे

आमच्या घरात आली ती मानमोडी. पुस्तकी नाव राणीखेत. 1920 च्या दशकात भारतात हा रोग उत्तराखंडातल्या राणीखेत इथे ओळखला गेला, म्हणून हे नाव पडले. इंग्लंडमध्ये त्याला न्यूकॅसल म्हणतात. हा विषाणूचा रोग आहे. श्वासातून, विष्ठेतून, पाण्याच्या भांड्यातून, आपल्या चपलेच्या तळव्यातूनही तो पसरतो. लागण झाल्यावर साधारण पाच-सहा दिवसांत लक्षणे दिसतात. कोंबडी तोंड उघडून श्वास घेते, हिरवट हगवण लागते, पंख-पाय लुळे पडतात, मान वळते. या रोगावर कोणतेही औषध नाही. लसूण, हळद, माणसांच्या गोळ्या, कशाचाही उपयोग होत नाही. लस मात्र आहे, आणि ती स्वस्त आहे.

पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात. चौथ्या आठवड्यात तोच थेंब पुन्हा. आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीचे इंजेक्शन. ते पशुवैद्यकाकडूनच द्यावे. पुढे किती महिन्यांनी पुन्हा द्यायचे, तेही त्यांनाच विचारावे. लस नेहमी निरोगी पक्ष्यालाच द्यायची. आजारी कोंबडीला दिली तर ती आणखी खचते.

आता खरी अडचण. लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि आपल्याकडे कोंबड्या असतात दहा. बाटली एकदा विरघळवली की दोन-अडीच तासांत संपवावी लागते, उरलेली दुसऱ्या दिवशी कामाची नसते. म्हणून एकटी बाई लस आणत नाही. यावर उपाय सोपा आहे. गल्लीतल्या आठ-दहा घरांनी मिळून एक दिवस ठरवायचा. आदल्या रात्री सगळ्यांनी कोंबड्या कोंडून ठेवायच्या. एकीने थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणायची. पहाटेच्या गारव्यात, फजरनंतर तासाभरात काम उरकते. जतसारख्या ठिकाणी उन्हात राहिलेली लस म्हणजे नुसते पाणी. बर्फ नसेल तर लस आणूच नये.

हे काम बायकांना जमते का, असे कुणी विचारेल. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात उष्णता सोसणारी आय-टू नावाची लस तयार झाली. ती घेऊन मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत खेड्यातल्या बायकांनीच घरोघर कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि आपली खुराडी वाचवली. आपल्याला तर पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारता येते, 1962 या क्रमांकावर फोनही करता येतो.

इतर दुखणी

देवी : तुरा, डोळे आणि चोचीभोवती पुटकुळ्या येतात, नंतर खपल्या धरतात. डास हा रोग पसरवतात. खुराड्याजवळ पाणी साचू देऊ नये. खपल्या ओढून काढू नयेत, सौम्य पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने पुसाव्यात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पंखाच्या पातळ कातडीत याचीही लस टोचतात.

रक्ती हगवण : तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना होते. विष्ठेत रक्त दिसते, पिल्ले एकमेकांना चिकटून बसतात. कारण बहुधा ओली जमीन. मिरगाचा पाऊस सुरू झाला की खुराड्यातला भुसा किंवा राख रोज हलवावी, ओला भाग काढून टाकावा. यावर औषध आहे, पण मात्रा डॉक्टरांकडूनच घ्यावी.

जंत : कोंबडी खाते पण वाळत जाते, तुरा फिका पडतो. दोन-तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. कोणतेही औषध दिले की अंडी किती दिवस खायची नाहीत, हे न विसरता विचारावे.

उवा आणि पिसवा : पंखाखाली आणि शेपटीजवळ पिसे बाजूला करून पाहावे. कोंबडीला धुळीत लोळायला आवडते, तीच तिची आंघोळ. परड्याच्या कोपऱ्यात माती आणि चुलीची चाळलेली राख ठेवावी. शेतातले फवारणीचे औषध कोंबडीच्या अंगावर कधीही टाकू नये.

रोजची पाच मिनिटे

दादीची शिस्त होती, "पोरी, आधी पाणी बघ, मग दाणे." आता त्याचा अर्थ कळतो. कोंबडीला घाम येत नाही. तोंड उघडून धापा टाकणे एवढाच तिचा पंखा. एप्रिल-मेमध्ये ती नेहमीच्या दुप्पट पाणी पिते. मातीचे पसरट भांडे सावलीत ठेवावे, दिवसातून दोनदा घासून भरावे. भर दुपारी खुराड्यावर ओले पोते टाकावे.

सकाळी दार उघडताना कोण बाहेर येत नाही, कोण मागे राहते, कोणाचा तुरा काळवंडला, विष्ठेचा रंग कसा आहे, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते.

खायला ज्वारी, बाजरी, मका, तांदळाची कणी चालते. अंड्यावरच्या कोंबडीला रोज तीस-चाळीस ग्रॅम वरचे दाणे द्यावेत, बाकी ती किडे आणि पाला खाऊन भागवते. अंड्याची टरफले भाजून, कुटून दाण्यात मिसळावीत, अंड्याचे कवच घट्ट होते. बुरशी आलेला मका आणि कुबट शेंगपेंड मात्र फुकट मिळाली तरी नको. त्या बुरशीचे विष कोंबडीचे यकृत खाते. दावतीतले उरलेले खारट, मसालेदार जेवणही घालू नये, जास्त मीठ तिला सोसत नाही.

खुराडे जमिनीपासून हात-दीड हात उंच असावे, आत बसायला आडवी काठी असावी, फटी मुंगसाला शिरता येणार नाही एवढ्याच असाव्यात. एका कोंबडीला निदान एक चौरस फूट जागा हवी. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा ताजी अंडी ठेवावीत. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. पहिले दोन आठवडे त्यांना ऊब आणि कोरडी जागा मिळाली तर बरीच वाचतात.

नवीन पक्षी आणि आजारी पक्षी

आमच्या चुकीतून शिकलेले दोन नियम आता आमच्या घरात मोडत नाहीत.

पहिला : बाजारातून आणलेला, पाहुण्यांनी दिलेला किंवा ऊसतोडीहून परत आलेला कोणताही पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायचा. भांडी वेगळी, आणि त्याचे दाणापाणी सगळ्यात शेवटी. ईदसाठी कोंबडा आणायचा असेल तर तो आपल्या कोंबड्यांत सोडायचाच नाही.

दुसरा : आजारी कोंबडी ना वाटायची, ना विकायची. मेलेली तर मुरदारच, तिचा प्रश्नच नाही. पण जिवंत आहे म्हणून घाईने जबह केली की काम झाले, असेही नाही. कुरआनने खाण्याबाबत हलालबरोबर तय्यिब, म्हणजे स्वच्छ आणि चांगले, हा शब्दही जोडला आहे. रोगाने खंगलेली कोंबडी शेजाऱ्याच्या दारात पाठवताना तो शब्द आठवावा. मेलेला पक्षी दोन-तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये, कुत्री तो गावभर नेतात.

यात माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला. जानेवारी 2021 मध्ये तो पुन्हा महाराष्ट्रात आला, परभणी जिल्ह्यातले मुरुंबा हे त्यातले एक गाव. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून एकदम अनेक पक्षी मेले तर उघड्या हातांनी शिवू नये, मुलांना दूर ठेवावे आणि दवाखान्यात कळवावे. नीट शिजवलेले निरोगी मांस आणि अंडी खायला भीती नाही. धोका असतो तो आजारी पक्षी हाताळण्यात, कापण्यात आणि सोलण्यात.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. आपण कोंबडीला कोंडतो, म्हणजे तिचे पाणी, दाणे आणि दुखणे यांची जबाबदारी आपण अंगावर घेतलेली असते.

पुढच्या वर्षी पाऊस पडल्यावर आमच्या दोन उरलेल्या कोंबड्यांपैकी एक खुडूक झाली. अकरा अंड्यांतून नऊ पिल्ले निघाली. सातव्या दिवशी गल्लीतल्या सहा घरांनी मिळून लस आणली. मोठी झाल्यावर त्यांतल्या चार तलंगा दादीने डालग्यात घातल्या आणि स्वतः जाऊन चाचीच्या परड्यात सोडल्या. चाचीने पहिल्यांदा भांडे आणले ते पाण्याचे.