नेमाचा नेम नाही

१६ मार्च २०१८ रोजी अमेरिकेच्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्याआधी कधीच न घडलेली गोष्ट घडली. राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकन मिळालेला व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ सोळाव्या, म्हणजे आपल्या विभागातल्या शेवटच्या मानांकनाच्या यूएमबीसी या संघाकडून ७४-५४ असा हरला. यूएमबीसी म्हणजे मेरीलँड विद्यापीठाचे बाल्टिमोर काउंटीतले कॉलेज. पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या आणि सोळाव्या मानांकनाच्या संघांत तोवर १३५ सामने झाले होते आणि ते सगळे पहिल्या मानांकनाने जिंकले होते.

मध्यंतराला गुणफलक २१-२१ होता. त्यानंतर यूएमबीसीचे नेम एकापाठोपाठ एक लागत गेले आणि व्हर्जिनियाचे लागेनात. तीन गुणांच्या रेषेबाहेरून व्हर्जिनियाने २२ वेळा चेंडू टाकला, त्यातला ४ वेळा रिंगमध्ये गेला. यूएमबीसीचा हिशेब होता २४ पैकी १२. त्या मोसमात ३३ पैकी ३१ सामने जिंकून आलेल्या संघाला अचानक झाले तरी काय? कोणी म्हणाले दडपणाखाली पोरे गळपटली, कोणी म्हणाले मोठ्या सामन्याचे काळीजच या संघाकडे नाही. डिआंद्रे हंटर हा त्यांचा महत्त्वाचा खेळाडू मनगटाचे हाड मोडल्याने बाहेर होता, ही साधी गोष्ट या गदारोळात मागे पडली.

लांबून टाकलेला चेंडू मुळात किती अवघड, ते आधी पाहू. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते. तिचा आतला व्यास सुमारे ४५.७ सेंटिमीटर आणि चेंडूचा सुमारे २४. म्हणजे चेंडू बरोबर मध्यातून गेला तर दोन्ही बाजूंना जेमतेम ११ सेंटिमीटर जागा उरते. २०१८ मध्ये कॉलेजच्या पुरुष संघांसाठी तीन गुणांची रेषा रिंगच्या मध्यापासून ६.३२ मीटरवर होती. तिथून नेम फक्त एक अंश बाजूला गेला, तर रिंगपाशी पोहोचेपर्यंत चेंडू ११ सेंटिमीटर सरकलेला असतो. एक अंश म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत सरकतो तेवढे. पुढे २०१९-२० च्या मोसमापासून ही रेषा ६.७५ मीटरवर नेली आणि तोच एक अंश १२ सेंटिमीटरचा झाला.

हे फक्त आडव्या चुकीचे झाले. चेंडू रिंगवर तिरका उतरतो, त्यामुळे त्याला ती पूर्ण गोल ‘दिसत’ नाही. ४५ अंशांनी उतरणाऱ्या चेंडूसाठी ४५.७ सेंटिमीटरची रिंग जेमतेम ३२ सेंटिमीटरची होते. म्हणून जाणते प्रशिक्षक चेंडू उंच उडवायला सांगतात. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या लॅरी सिल्व्हरबर्ग आणि चाऊ ट्रॅन यांनी संगणकावर फ्री थ्रोची असंख्य रूपे तपासली. हातातून सुटताना सुमारे ५२ अंशांचा कोन आणि चेंडूला सेकंदाला तीन उलट्या फिरक्या, हे उत्तम, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. पण कोन माहीत असणे वेगळे आणि दर वेळी तोच साधणे वेगळे. मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञेत नेहमीच थोडी खरखर असते, जुन्या रेडिओत असायची तशी. स्नायू जितका जोर लावतो तितकी ती वाढते. अंतर वाढले की जोर वाढतो, आणि पाय थकलेले असतील तर तो जोर खांद्या-मनगटातून काढावा लागतो. दमलेल्या खेळाडूचा चेंडू बऱ्याचदा आखूड का पडतो, ते यावरून लक्षात यावे.

आता थोडे गणित. समजा, एखादा संघ लांबून सरासरी ३५ टक्के नेम साधतो. कॉलेजच्या पातळीवर हे चांगलेच मानतात. अशा संघाने २२ वेळा चेंडू टाकला तर सरासरी सात-आठ वेळा तो रिंगमध्ये जावा. प्रत्येक नेम स्वतंत्र आणि सारख्याच अवघडपणाचा धरून हिशेब केला, तर २२ पैकी ४ किंवा त्याहून कमी लागण्याची शक्यता येते सुमारे ७ टक्के. म्हणजे चौदा सामन्यांत एकदा. तीसेक सामन्यांच्या मोसमात अशा दोन रात्री यायच्याच. त्यासाठी कोणी आळशी, घाबरट किंवा कच्चा असण्याची गरज नाही. ४ मार्चला नाही, तर २० जानेवारीला. फरक इतकाच, की जानेवारीतली रात्र कोणी लक्षात ठेवत नाही आणि मार्चमधल्या बाद फेरीत ती आली तर मोसम तिथेच संपतो.

एका खेळाडूबद्दल मत बनवणे तर आणखी कठीण. सामन्याला पाच याप्रमाणे तीस सामन्यांत १५० प्रयत्न होतात. एवढ्यावरून काढलेल्या टक्केवारीत निव्वळ योगायोगाने चार-चार टक्क्यांची वरखाली सहज होते. यंदा ३५ टक्क्यांचा असलेला मुलगा पुढच्या वर्षी ३९ टक्क्यांवर गेला तर लगेच नव्या प्रशिक्षकाला श्रेय देऊ नये, आणि ३१ वर आला तर त्याला बाकावर बसवू नये. प्रशिक्षकाने बघायचे ते हे, की चेंडू टाकताना तो मोकळा होता का, तोल सावरून होता का. चेंडू रिंगमध्ये गेला की नाही, ते एका रात्रीपुरते दुय्यम.

२०११ च्या अंतिम सामन्याची गंमत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. बटलरने लांबून ३३ पैकी ९ नेम साधले, सगळे मिळून ६४ पैकी १२, आणि संघ ४१ गुणांवर अडकला. जिंकलेल्या कनेक्टिकटने लांबून साधला होता ११ पैकी अवघा १!

तरीही खेळाडू आणि प्रेक्षक शपथेवर सांगतात, की ‘हात तापतो’. तीन लागले की चौथाही लागणार, असे वाटतेच. टॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८५ मध्ये हा समज तपासला. त्यासाठी त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या संघांतल्या मुला-मुलींकडून एका ठरावीक अंतरावरून चेंडू टाकून घेतले. तापलेल्या हाताचा पुरावा त्यांना सापडला नाही आणि तीस वर्षे हेच पाठ्यपुस्तकांत शिकवले गेले. मग जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम संजुर्हो यांनी त्या हिशेबातच एक सूक्ष्म खोट दाखवली. नाणे तीनदा उडवा. छाप्यानंतर लगेच पुन्हा छापा किती वेळा आला, त्याचे प्रमाण मांडा. मग असे पुष्कळ प्रयोग करून त्या प्रमाणांची सरासरी काढा. ती निम्मी यायला हवी ना? येते बारांत पाच, म्हणजे ४२ टक्क्यांच्या आसपास. विश्वास बसत नसेल तर आठही शक्यता कागदावर लिहून पाहा, दोनमध्ये छाप्यानंतर काहीच येत नाही, त्या सोडा. छोट्या मालिकांमध्ये हा कल आपोआप येतो. त्यामुळे जिथे ‘काहीच फरक नाही’ असे दिसले होते, तिथे प्रत्यक्षात थोडा फरक होता. म्हणजे हात थोडाफार तापतो. पण प्रेक्षकांना वाटतो तेवढा नाही, आणि एखाद-दुसऱ्या सामन्यावरून तो ओळखणे जवळपास अशक्यच.

मग दडपण काहीच करत नाही का? करते. सिआन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुभवी फुटबॉलपटूंना चेंडू पायाने नेताना आपल्या पायाच्या हालचालीकडे मुद्दाम लक्ष द्यायला सांगितले, तर त्यांचा सरावाचा पाय मंदावला. अंगवळणी पडलेली कृती सुटी सुटी करून तपासायला गेलो की ती बिघडते. सायकल चालवताना पायडलचा विचार करून पाहावे! दोन नेम चुकलेल्या मुलाला ‘कोपर आत घे, मनगट वाकव’ असे बाकावरून ओरडून सांगणारा प्रशिक्षक नेमके हेच घडवून आणतो.

व्हर्जिनियाचा काइल गाय तेव्हा वीस वर्षांचा होता. आपल्याला चिंताविकाराचा त्रास होतो, हे त्याने त्या पराभवानंतर जाहीरपणे लिहिले. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत सुरुवातीच्या सामन्यांत त्याचे लांबचे नेम फारसे लागत नव्हते. तरी प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी त्याला खेळवले आणि तो टाकत राहिला. पर्ड्यूविरुद्ध त्याने २५ गुण केले. ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद उरले असताना संघ दोन गुणांनी मागे होता. गायने तिन्ही फ्री थ्रो टाकले आणि व्हर्जिनिया ६३-६२ असा जिंकला. ८ एप्रिल २०१९ च्या अंतिम सामन्यात संघाने लांबून २४ पैकी ११ नेम साधत टेक्सास टेकला जादा वेळेत ८५-७७ असे हरवले. ‘काळीज नसलेला’ संघ वर्षभरात काळीजवाला झाला, असे म्हणायचे असेल तर म्हणावे. मला मात्र ४ आणि ११ यांत योगायोगाचाही मोठा वाटा दिसतो.

योगायोग हाताबाहेरचा असला तरी सरासरी हातातली असते. त्यासाठीचा एक उपाय फुकटचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात चेरी मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पुरुष बास्केटबॉल संघातल्या ११ खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात घालवायला सांगितले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाआधी ती मुले रात्री पावणेसात तासांहून थोडी कमीच झोपत होती. नंतर त्यांची झोप साडेआठ तासांच्या घरात गेली. फ्री थ्रोचे नेम ९ टक्क्यांनी सुधारले, १५ पैकी लागणारे लांबचे नेम सरासरी १०.२ वरून ११.६ वर गेले. धावण्याचा वेगही वाढला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, मुले मोजकीच होती आणि सरावानेही थोडी सुधारणा झाली असणार, त्यामुळे आकडे जपूनच घ्यायला हवेत. पण परीक्षा, प्रवास, रात्रीचे सामने आणि हातातला मोबाइल यांत कॉलेजच्या खेळाडूची झोपच आधी कापली जाते. ती मुले सरावात पंधरापैकी दहा नेम साधत होती, हेही नजरेतून सुटू नये. समोर उंच हात करून कोणी उभे राहिले, की चांगल्या संघांचेही हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते.