पटकथा आणि चित्रपट यांची तुलना : अशी ही बनवाबनवी

'अशी ही बनवाबनवी' हा १९८८ साली प्रदर्शित झालेला, सचिन पिळगांवकर दिग्दर्शित मराठी विनोदी चित्रपट आहे. त्याचे लेखन वसंत सबनीस (१९२३–२००२) यांचे असून त्यांचा जन्म सोलापूरचा. चित्रपटाचे मूळ कथाबीज हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटातील आहे. लेखकाने कागदावर काय दिले आणि नटांनी त्यात कशाची भर घातली, या प्रश्नाच्या अभ्यासासाठी हा चित्रपट सोयीचा आहे.

कथासूत्र

पुण्यात चार तरुणांना राहायला जागा हवी असते. लीलाबाई काळभोर यांच्या बंगल्यात केवळ विवाहितांनाच प्रवेश असल्याने परशुराम हा धनंजयची पत्नी 'पार्वती' होतो आणि सुधीर हा शंतनूची पत्नी 'सुधा'. पुढे चौघेही प्रेमात पडतात. जे सोंग निवारा मिळवून देते, तेच प्रेमाच्या आड येते.

भाषेतील विनोद

मराठीत 'हा' आणि 'ही' यांतून लिंगभेद लगेच कळतो. हिंदीतील 'यह' मात्र दोन्ही लिंगांना चालते. म्हणूनच बायकोची ओळख करून देताना धनंजयच्या तोंडून निसटणारे 'हा' हे सर्वनाम सोंग उघडे पाडू शकते. व्याकरणाच्या पुस्तकातील लिंगवचनाचा धडा इतका हसरा क्वचितच झाला असेल! हिंदीतून शब्दशः भाषांतर करून हा विनोद हाती लागला नसता.

बुडालेल्या सत्तर रुपयांसाठी योजलेले 'वारणे' हे क्रियापदही असेच आहे. माणसाच्या मृत्यूविषयी आदराने वापरायचा शब्द येथे पैशाला लावला आहे. हा विनोद नुसता वाचूनही हसू येते. 'हा'ची गंमत मात्र वाचताना निम्मीच कळते. अशोक सराफ यांचे अडखळणे आणि सावरणे ऐकल्यावर ती पुरी होते. पार्वतीचे डोहाळजेवण पटकथेत चार ओळींत मावेल, पण पडद्यावर तेथे संपूर्ण गाणे आहे, आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचे साडीतले अवघडलेपण कोणत्याही संवादात लिहिता येणारे नाही.

संहिता आणि श्रेय

सबनीस लोकनाट्याच्या परंपरेतले लेखक. त्यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यात दादा कोंडके प्रयोगागणिक उत्स्फूर्त भर घालीत असत. संहिता नटाच्या हाती वाढते, हा अनुभव त्यांच्यापाशी होता. तथापि त्यामुळे एक अन्याय संभवतो. प्रेक्षक संवाद पाठ म्हणतात, नटांची नावे घेतात आणि लेखक विस्मरणात जातो. 'बनवाबनवी'च्या बाबतीत हे बरेच खरे आहे.

पाश्चात्त्य चित्रपटांत याच्या उलट दिशेचीही उदाहरणे आहेत. वुडी ॲलन यांच्या 'ॲनी हॉल' (१९७७) या चित्रपटाच्या प्रारंभीच्या आराखड्यात खुनाच्या रहस्याचा धागा होता. पुढे चित्रीकरण झालेला भागही संकलक राल्फ रोझेनब्लम यांच्या टेबलावर मोठ्या प्रमाणात गळाला आणि ॲनीची प्रेमकथा केंद्रस्थानी आली. तेथे चित्रपटाचा आकार कात्रीने ठरविला. 'बनवाबनवी'ची रचना मात्र अशी कापता येणार नाही. प्रत्येक खोटे पुढच्या खोट्याला जन्म देते. मधला एक दुवा काढला तरी शेवटचा उलगडा लंगडा पडेल. ही घट्ट वीण पटकथेचीच आहे, आणि तिचे श्रेय नटांच्या हजरजबाबीपणाला देता येत नाही.