आजोबांचे गाव कोणत्या राज्यात?

नोव्हेंबर महिना उजाडला की आपल्या ख्रिस्ती घरांतून मृतांच्या नावांची यादी निघते. मिस्सेच्या वेळी वेदीपाशी ठेवण्यासाठी आजी-आजोबा, पणजोबा, काका-आत्या यांची नावे आठवून आठवून लिहिली जातात. अलीकडे काही घरांतील तरुण मंडळी या यादीच्या पुढे जाऊन कुळाची वंशावळ तयार करू लागली आहेत, ही आम्हांस मोठ्या समाधानाची गोष्ट वाटते. आईबापांचा मान राखण्याची चौथी आज्ञा त्यांच्या मरणाबरोबर संपत नाही.

परंतु अशा वंशावळी चाळताना एक उणीव आमच्या डोळ्यांत भरते. नावे बरोबर असतात, वर्षेही बरोबर असतात; गावाच्या रकान्यात मात्र आजचा नकाशा पाहून आजचा जिल्हा आणि आजचे राज्य लिहून दिलेले असते. ही चूक किरकोळ दिसते. तरी तिच्यामुळे पूर्वजांच्या आयुष्याची हकीकतच पालटून जाते.

उदाहरणार्थ जामसांवली हे गाव घ्या. नागपूर-छिंदवाडा वाटेवर, सौंसरजवळ ते वसले आहे. तेथील निजलेल्या हनुमंताच्या देवळामुळे त्याचे नाव दूरवर ठाऊक आहे. या मुलखात मराठी बोलली जाते. गाव जागचे हलले नाही. त्याच्यावरील अंमल मात्र कितीदा बदलला! १८५३ पर्यंत तेथे नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते. १८५४ साली इंग्रजांनी ते खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. १९०३ साली त्याला वऱ्हाड जोडला गेला. १९५० साली त्याच प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले आणि त्याची राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, सर्व संतांच्या सणाच्याच दिवशी, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य आले. शेवटी २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा व सौंसर हे तालुके काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला.

आता समजा, एका घरातील पणजोबा १९०५ साली या गावी जन्मले, तरुणपणी नागपुरास कामधंद्यासाठी गेले आणि तेथेच स्थायिक झाले. पणतू लिहितो : ‘जन्म, जिल्हा पांढुर्णा, मध्यप्रदेश, मृत्यू, नागपूर, महाराष्ट्र.’ वाचणाऱ्यास वाटते, हे गृहस्थ आपले राज्य सोडून परप्रांतात गेले. वास्तविक ते आपल्याच प्रांताच्या राजधानीस गेले होते. सीमा नंतर आली. गावी राहिलेला त्यांचा सख्खा भाऊ एका रात्रीत दुसऱ्या राज्याचा रहिवासी झाला. मुलांची शाळा, कचेरीची भाषा, सोयरिकीचे धागे, या साऱ्यांवर त्या रेषेचा परिणाम झाला. आजचे नाव मागे नेऊन चिकटवले की ही सारी कहाणी पुसली जाते.

याच्या उलट प्रकारही घडतो. नागपुरात १९५२ साली जन्मलेल्या आजीच्या दाखल्यावर ‘मध्यप्रदेश’ असते, तर १९५८ साली जन्मलेल्या तिच्या धाकट्या भावाच्या दाखल्यावर ‘मुंबई राज्य’. दोन्ही नोंदी अचूक आहेत. नातवंडे मात्र पहिली नोंद चुकीची समजून खोडतात आणि दुसरीवरून मामाआजोबांचा जन्म मुंबई शहरात झाला असे ठरवतात!

चर्चच्या दप्तरांनाही हेच लागू आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहांच्या नोंदी ठेवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले. त्या शिस्तीमुळे आपल्या पूर्वजांची नावे टिकली. पण नोंदवही शोधायची तर त्या काळचा धर्मप्रांत माहीत हवा. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ साली झाला. त्यापूर्वी ते मिशन विशाखापट्टणमच्या अधिकाराखाली होते. वसईची धर्मग्रामे १८८६ पासून १९२८ पर्यंत दमणच्या धर्मप्रांतात होती, पुढे मुंबईच्या, आणि १९९८ पासून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. शिवाय वसई १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती. ती पुढे ठाणे जिल्ह्यात आली आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. ज्याने केवळ आजचे नाव टिपले, तो चुकीच्या दारावर थाप मारून रिकाम्या हाताने परत येतो.

मग लिहावे कसे? याचा धडा पवित्र शास्त्रातच आहे. राहेलीला पुरले त्या ठिकाणाविषयी सांगताना उत्पत्तीच्या पुस्तकाचा लेखक एफ्राथ हे जुने नाव देतो आणि तेच बेथलेहेम, असा खुलासा जोडतो. याकोबाने बेथेल हे नाव ठेवले तेथेही त्या नगराचे पहिले नाव लूज होते, हे तो सांगून ठेवतो. जुने नाव त्याने टाकले नाही, आणि आपल्या काळच्या वाचकालाही अंधारात ठेवले नाही.

आम्हांस हीच रीत उत्तम वाटते. प्रथम त्या दिवशीचे नाव, मग कंसात आजचे : ‘जामसांवली, तहसील सौंसर, जिल्हा छिंदवाडा, मध्यप्रांत, १९०५ (आज जिल्हा पांढुर्णा, मध्यप्रदेश)’. तहसील लिहिण्यास विसरू नये, कारण सावळी नावाची गावे विदर्भात ठिकठिकाणी आढळतात. कागदावर जसे अक्षर असेल तसेच उतरून घ्यावे. हिंदीत ‘ळ’चा ‘ल’ होतो; परदेशी मिशनरी कानाला जसे लागेल तसे लिहीत; म्हणून एकच गाव तीन रूपांत भेटू शकते. ती तिन्ही रूपे ठेवावीत, आणि कोणते कोणत्या कागदावर मिळाले तेही लिहावे. जे कळले नाही तेथे अंदाजाने काही भरू नये. रिकामी जागा पुढच्या पिढीला शोधायला लावते. खोटी भरलेली जागा तिला थांबवते.

हे काम आजच हाती घ्यावे. १९५६ पूर्वीचे दिवस आठवणारी माणसे आता घराघरांत थोडी उरली आहेत. या रविवारी मिस्सेहून परतल्यावर घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसा आणि विचारा, “तुमच्या लहानपणी आपल्या गावाचा पत्ता कसा लिहीत असत?” ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. आपल्या मृतांसाठी आपण नाव घेऊन प्रार्थना करतो. त्यांच्या गावाचे नावही ते घेत असत तसेच आपल्या ओठी असावे.