आवाजाला वाट, बोटाला जाळी

जुन्या तबकड्यांवरचं ते चित्र आठवतं? कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला पांढरा कुत्रा. आपल्याकडे त्या तबकड्यांना सरळ ‘कुत्राछाप’ म्हणत. आणि मर्फी रेडिओच्या जाहिरातीतलं ते गुटगुटीत बाळ, ओठांशी बोट नेलेलं? म्हणजे बघा, घराघरांत आवाज नेणाऱ्या दोन बड्या नावांची ओळख एका कुत्र्याने आणि एका लेकराने करून दिली. आणि आज घरात चांगले स्पीकर आणले की पहिली धास्ती कोणाची वाटते? याच दोघांची!

तो कुत्रा खराखुरा होता. नाव निपर. घरी येणाऱ्यांच्या पोटऱ्यांना दात लावायची सवय, म्हणून हे नाव. फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराने १८९८ मध्ये त्याचं चित्र पूर्ण केलं, तेव्हा निपरला जाऊन तीन वर्षं झाली होती. मूळ चित्रात तो दंडगोल वाजवणाऱ्या यंत्रासमोर बसला होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेतलं ते एका अटीवर: ते यंत्र रंगाने झाकून तिथे आमचा तबकडीचा ग्रामोफोन रंगवा. बॅरॉडने रंगवला.

निपरसारख्या चावऱ्या कुत्र्यालाही त्या ग्रामोफोनचं फारसं काही बिघडवता आलं नसतं. कारण समोर होता धातूचा कर्णा. ज्या पातळ पडद्याच्या थरथरण्यातून आवाज निघे, तो कर्ण्याच्या अरुंद टोकाशी एका छोट्या डबीत बंद असे. मग १९२५ साल आलं. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्णा काढून टाकला आणि कागदी शंकू थेट हवेला भिडवला. शंभर वर्षं उलटली, तरी घरातल्या टीव्हीपासून गणपतीच्या मंडपापर्यंत बहुतेक स्पीकर याच रचनेवर चालतात. पण कर्णा गेला आणि यंत्राचा सगळ्यात नाजूक भाग उघड्यावर आला.

किती नाजूक? शंकूच्या मागे तांब्याच्या बारीक तारेचं एक वेटोळं असतं. ते लोहचुंबकाच्या गोल फटीत अधांतरी असतं. गाण्याची वीज त्यातून वाहिली की ते पुढे-मागे धावतं, शंकूला ढकलतं, शंकू हवेला ढकलतो आणि खोलीत गाणं उभं राहतं. या फटीत वेटोळ्याच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा असते मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी. एवढ्याशा जागेत ते सेकंदाला शेकडो-हजारो वेळा ये-जा करतं आणि कुठेही घासत नाही! शंकूच्या कडेची मऊ झालर आणि मागची वळ्यावळ्यांची कापडी चकती, जिला कारागीर ‘स्पायडर’ म्हणतात, वेटोळ्याला बरोबर मधोमध धरून ठेवतात.

आता शंकूच्या वर बसवलेल्या छोट्या घुमटाकडे या. हा ट्वीटर, टाळ-घुंगरांचा, बासरीतल्या फुंकरीचा, ‘स’ आणि ‘श’चा मालक. बहुतेक ट्वीटर इंचभर रुंद असतात. रेशमी कापडाचे, नाहीतर ॲल्युमिनियम, टायटॅनियमसारख्या धातूचे. आणि धातू केसाइतका पातळ किंवा त्याहूनही पातळ. समजा, या घुमटाला सेकंदाला १०,००० कंपनांचा सूर काढायचा आहे. तो मधल्या जागेपासून इकडे-तिकडे मिलिमीटरचा फक्त हजारावा भाग सरकतो. डोळ्याला काहीच दिसत नाही. पण एवढ्यासाठी त्याला दर कंपनात दोनदा दिशा बदलावी लागते, आणि गणित केलं तर त्या क्षणी त्याच्यावरचा त्वरणाचा ताण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४०० पट निघतो! माणसाला दहापट ताणसुद्धा फार वेळ सोसत नाही. हा घुमट तुम्ही चहा पीत असताना चारशेपट सोसतो, तेही न थांबता.

म्हणूनच तो हलका हवा. जड घुमट इतक्या चपळाईने वळणार कसा? ज्या गुणामुळे तो गातो, त्याच गुणामुळे तो बोटाच्या एका टोचणीने चेपतो. मजबूत करा, तर गाणं जड होतं.

आणि बोट तर तयारच असतं. नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास मूल एकट्या तर्जनीने जग चाचपायला लागतं. वर्षाच्या आसपास ते उभं राहतं, तेव्हा त्याची उंची असते पाऊण मीटरच्या आगेमागे. जमिनीवर उभ्या ठेवायच्या स्पीकरचा वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा शंकू, त्याच्या तोंडासमोरच येतो. वूफरच्या मधोमध गोल, फुगीर, चकचकीत टोपी. शिवाय ती थरथरते! शिकायला आतुर झालेल्या मेंदूने तिच्यात बोट नाही घालायचं, तर कुठे घालायचं? याला खोडी म्हणणं मला मान्य नाही. लेकरू आवाज कुठून येतो ते शोधत असतं.

ती टोपी चेपली, तर घाबरू नका. तिचं मुख्य काम म्हणजे धूळ आणि लोखंडाचा कीस त्या बारीक फटीत जाऊ न देणं. चेपलेली टोपी दिसते वाईट, पण आवाजात बहुधा फारसा फरक पडत नाही. चिकटपट्टी अलगद चिकटवून ओढली की पुष्कळदा ती बाहेर येते. रेशमी ट्वीटरही अनेकदा पूर्ववत होतो. धातूचा मात्र नाही. सुरकुती पडली ती पडलीच, आणि ती वरच्या सुरांत ऐकू येते. कागदी शंकूला छोटी चीर गेली असेल, तर पातळ केलेला फेविकॉल आणि टिश्यू पेपरची पट्टी पुरते. पण शंकूला तिरका धक्का बसून वेटोळं फटीला घासायला लागलं, तर खरखर सुरू होते, आवाज फाटतो आणि नवा शंकू बसवून घ्यावा लागतो. हे काम जाणकाराचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात चौकशी करावी.

त्यापेक्षा जाळी लावावी. आणि इथे या सगळ्या कथेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट येते. जी जाळी बोट अडवते, नखं अडवते, ती आवाज का अडवत नाही?

ठाण्याजवळ मुंब्रा-दिव्याच्या बाजूला खाडीत बांबू रोवलेले असतात. लाट येते, बांबूंच्या दोन्ही अंगांनी निघून जाते, आणि पलीकडे पुन्हा अखंड होते, जणू मध्ये काही नव्हतंच. लाट लांब आणि बांबू बारीक, म्हणून. आवाजाचंही तेच. माणसाला ऐकू येणाऱ्या सगळ्यात उंच सुराची, सेकंदाला २०,००० कंपनांची लाटही सुमारे १.७ सेंटिमीटर लांब असते. सेकंदाला ५० कंपनांच्या खर्जाची लाट जवळजवळ सात मीटर! जाळीची तार किंवा कापडाचा धागा मिलिमीटरचा नाहीतर त्याहून बारीक. लाटेच्या हिशेबी तो जवळपास नसल्यातच जमा. बोट मात्र लाट नव्हे. ते सेंटिमीटरभर जाडीचं, भोक दोन मिलिमीटरचं. बोट तिथेच थांबतं. एकाच जाळीत एकाला मोकळी वाट आणि दुसऱ्याला पक्की भिंत, आणि त्यासाठी ना वीज लागते, ना किल्ली.

पण कोणतंही कापड चालेल का? नाही. दाट चादर किंवा टॉवेल टाकला, तर धाग्यांच्या गर्दीत हवा घासली जाते आणि आधी ट्वीटरचे सूर मरतात. प्लास्टिक तर मुळीच नको. ते उंच सूर परत फेकतं आणि स्वतःही फडफडतं. कापड पारखायची सोपी रीत सांगतो. ते ओठांसमोर धरा, पलीकडे तळहात धरा आणि फुंका. फुंकर सहज पोचली, तर गाणंही पोचेल. लोखंडी जाळी घ्यायची असेल, तर भोकं जास्त आणि पत्रा कमी अशी निवडा, आणि ती शंकूपासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे राहील असं पाहा, म्हणजे दाबली तरी शंकूला टेकणार नाही. गंमत म्हणजे कापडापेक्षा त्याची लाकडी चौकट आवाज जास्त बिघडवते. चौकटीची जाडी असते सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, म्हणजे उंच सुरांच्या लाटेएवढीच. तिथे लाट आपटते. चौकटीची आतली कड तिरकी तासून घेतली की फरक पडतो.

मांजराचा प्रश्न वेगळा. त्याला आवाजाचा राग नसतो. त्याला उभं, न हलणारं, नखं रुततील असं काहीतरी हवं असतं, आणि कापडी जाळीचा उभा स्पीकर हुबेहूब तसाच! ओरबाडताना नखांवरची जुनी टरफलं निघून जातात, पाठ ताणली जाते आणि पंज्यांतल्या ग्रंथींमधून त्याचा स्वतःचा वासही तिथे लागतो. एवढी तीन कामं एका फटक्यात होत असताना ते ऐकेल कशाला? म्हणून धातूची जाळी लावा. तिच्यावर नखं घसरतात. आणि स्पीकरशेजारीच काथ्याची दोरी गुंडाळलेला खांब ठेवा. मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं जाईल इतका उंच, आणि मुळीच न डुगडुगणारा. डुगडुगला की मांजर त्याच्याकडे पाठ फिरवतं.

कुत्र्याचं थोडक्यात. नर कुत्र्याला कोपऱ्यातल्या उभ्या वस्तूवर मुतून खूण करायला आवडतं, आणि स्पीकरची पेटी बहुधा एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीची. ओल लागली की ती फुगते आणि पुन्हा बसत नाही. पेटी जमिनीपासून वर उचला, बस.

न बोलावलेला पाहुणा म्हणजे उंदीर. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडणं त्याला टाळताच येत नाही. त्या दातांचं कठीण कवच फक्त पुढच्या बाजूला असतं. मागची मऊ बाजू आधी झिजते आणि धार आपोआप लागते. स्वतःला धार लावणारी पटाशी! तिच्यापुढे तांब्याची तार म्हणजे काहीच नाही. तारा भिंतीलगत कडक पट्टीतून न्या. रांगत्या मुलाच्या हातीही त्या लागणार नाहीत.

पेटीला गोल भोक असेल, तर तिकडेही बघा. बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरास यांना त्याचं पेटंट १९३२ मध्ये मिळालं. भोकामागच्या नळीतली हवा आणि पेटीतली हवा मिळून झुलतात आणि खर्जाला जोर देतात. मुलांच्या लेखी ते नाणी, खडू आणि घराच्या किल्ल्या ठेवायचं ठिकाण. तोंडाशी मच्छरजाळीचा तुकडा ताणून लावा. कापूस कोंबलात, तर खर्जही कोंबला जाईल.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. इथे प्रश्न स्पीकरचा नाही, मुलाचा आहे. नव्वद सेंटिमीटर उंच, वीस सेंटिमीटर रुंद, अठरा किलोची पेटी बाजूला पाडायला किती जोर लागेल? वरच्या टोकाला जेमतेम दोन किलोंचा! दहा किलोचं मूल धरून उभं राहिलं, तरी ती त्याच्यावर येऊ शकते. तिच्याखाली चाळीस सेंटिमीटर रुंदीची जाड फळी स्क्रूने पक्की केली, तर लागणारा जोर दुप्पट होतो. तेवढ्याच रुंदीचा कडप्पा बोल्टने जोडला, तर जवळजवळ तिप्पट. नुसता खाली सरकवलेला कडप्पा उपयोगाचा नाही. शिवाय मागून एक पट्टा भिंतीला बांधाच.

दिव्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत मात्र मी उभे स्पीकर ठेवायचा सल्ला देणारच नाही. छोटे घ्या आणि लोखंडी ब्रॅकेटवर भिंतीला टांगा. इथेही भौतिकशास्त्र आपल्या बाजूने आहे. पाठीशी भिंत आली की खालच्या सुरांचा दाब जवळजवळ दुपटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे छोट्या पेटीतूनही भरदार आवाज निघतो. पेटी किंचित खाली झुकवा. ट्वीटर खालच्या अंगाला येईल अशी उलटी टांगली तरी चालेल, कारण उंच सूर सरळ रेषेत जातात आणि कानाला थेट लागतात. भोक मागे असेल, तर भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. भिंत हलक्या ठोकळ्यांची असेल, तर साधी गिट्टी सैल होते. हार्डवेअरच्या दुकानात त्या भिंतीसाठीची वेगळी गिट्टी मिळते, तीच मागा.

आणि एवढं झाल्यावर मुलाला नुसतं ‘हात लावू नको’ म्हणू नका. एक फुगा फुगवून त्याच्या दोन्ही तळव्यांत धरायला द्या, त्याला कडेवर घेऊन स्पीकरसमोर उभे राहा आणि बेताच्या आवाजात पखवाज किंवा ढोल लावा. फुग्याचं रबर प्रत्येक थापेला त्याच्या हातात थरथरेल. जे शोधायला त्याचं बोट जाळीकडे जात होतं, ते त्याला मिळेल. जाळी अजून लावली नसेल, तर येत्या रविवारी लावून टाका.